मिनिटबाई आणि सहा सेकंदांची सुई

बसस्थानकावर अजूनही सांगतात की माझ्या आत्याने रक्त काढणाऱ्या माणसाचा चावा घेतला, लॅबच्या खिडकीतून उडी मारली आणि अनवाणी पळत येऊन थेट माइकसमोर बसली. चहावाला तर दर वेळी उडीची उंची एकेका मजल्याने वाढवतो. गेल्या खेपेला तिसरा मजला झाला होता.

खरं एवढंच, की लॅब तळमजल्यावर आहे आणि त्या खोलीला खिडकीच नाही. आत्या दारातून बाहेर पडली, चपला घालून, शिवाय वॉचमनला "येते हं" म्हणून. चावा वगैरे काही नाही. फक्त दंडाला बांधलेला रबरी पट्टा सोडायचा राहून गेला. रस्ता ओलांडून ती तशीच खुर्चीत बसली, "गाडी क्रमांक चाळीस, फलाट तीन" असं सुरळीत बोलली, आणि आत डोकावलेल्या कंडक्टरने विचारलं, "बाई, हात का निळा पडलाय?" एवढ्या पायावर बाकीची इमारत लोकांनी बांधली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमच्याच घरात राहते आणि बावीस वर्षं बसस्थानकावर घोषणा करते. काचेची एक केबिन, एक माइक, एक खडखडणारा पंखा, आणि काचेपलीकडे येणाऱ्या गाड्यांच्या पाट्या. तिला सगळे मिनिटबाई म्हणतात, कारण 'थोड्याच वेळात' हे शब्द तिच्या माइकवरून एकदाही गेलेले नाहीत. ड्रायव्हरचा फोन आला की ऐकावं.

"बाई, आलोच."

"आलोच म्हणजे किती मिनिटं?"

"अहो, पुलापाशी आहे ना."

"पूल नको. मिनिटं सांगा."

मग घोषणा होते: "गाडी क्रमांक सतरा चौतीस मिनिटं उशिरा येईल. कारण, टायर." आणि तावातावाने उभे असलेले लोक शांतपणे चहा प्यायला जातात. आत्याचं म्हणणं, माणूस उशिराने चिडत नाही, न सांगण्याने चिडतो.

अशा बाईची सुई दिसली की बोबडी वळायची. नुसती भीती असती तर गोष्ट वेगळी. हातपाय गार, डोळ्यांपुढे अंधारी, आणि ती धाडकन खाली. यामागे लहानपणचं काहीतरी असणार यावर घरात प्रत्येकाचं एकेक मत आहे. बाबा मधमाश्यांना दोष देतात, आई शाळेतल्या लसीला. आत्या म्हणते, "कारण सापडलं म्हणून सुई काय बोथट होणार आहे?"

पण नऊ वर्षांपासून तिला मधुमेह. गोळ्या ती घड्याळ लावून घ्यायची, तपासणीला मात्र कायम काहीतरी आडवं यायचं. कधी ड्यूटी, कधी सर्दी, एकदा तर चक्क लॅबवाल्याच्या मुलाचा वाढदिवस, ज्याचं आम्हाला बोलावणंही नव्हतं.

मग एका सकाळी तिने पाटी वाचली छत्तीस, आणि ती होती अडतीस. एक म्हातारं जोडपं भलत्याच गाडीत बसलं आणि पुढच्या थांब्यावर बोचक्यांसकट उतरून परत आलं. आत्याने माइक चालू केला. "मघाशी चुकीची घोषणा झाली. चूक घोषणा करणाऱ्या व्यक्तीची आहे." सगळ्या स्थानकाने ऐकलं. घरी आल्यावर तिने चहा घेतला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांना प्रत्येक वाक्याला शेपूट लावायची सवय आहे. "आतल्या पडद्यावर डाग आहेत, कळतंय ना? साखरेने झालंय, कळतंय ना?" त्यांनी तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे धाडलं. ते म्हणाले, गोळ्या आता पुरत नाहीत, रोज इन्शुलिन घ्यावं लागेल, आणि आधी रक्त तपासून या. साखर आटोक्यात आली तर डाग थांबण्याची आशा होती. नाही आली तर किती दिवसांत काय होईल, हे आत्याने विचारलं, पण त्यांनी तसा आकडा दिला नाही. काचेपलीकडची पाटी वाचता येत नसेल तर ती खुर्ची दुसऱ्या कुणाची, एवढं तिला कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्याच दिवशी ती लॅबमध्ये गेली आणि दंडाला पट्टा घेऊन परत आली. तिथला माणूस सुईचं पाकीट फोडायच्या आधीच "झालं झालं झालं" म्हणायला लागतो. नकला करायची मला खोडच आहे, आत्याची तर रोज; संध्याकाळी मी त्याची नक्कल केली, मान तिरकी, नाकातून आवाज. आत्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला नको तेवढा चेव चढला.

"आत्या, तू स्वतःच्या हाताने सुई टोचून दाखव. एक महिना तुझी नक्कल बंद."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तुझ्या माइकवरून एक घोषणा माझी."

तिने पट्ट्याकडे बघितलं. तो टेबलावरच पडला होता. "दोन महिन्यांची मुदत. डोळे उघडे ठेवून. लाव."

बाबा पेपरातून म्हणाले, "दोघींनाही कामधंदा नाही." मी मनातल्या मनात माझी घोषणा पाठ करायला घेतली होती.

आमच्या डॉक्टरांकडे एक सिस्टर आहेत, एवढ्याशा, पण टाचा वाजवत चालतात. आत्याने त्यांच्यासमोर खुर्चीत बसण्याआधीच सांगितलं, "काही नाही, मुंगी चावेल, असलं बोलायचं नाही. काय होणार आणि किती वेळ, तेवढं सांगा."

सिस्टर म्हणाल्या, "सांगते. आधी आडव्या व्हा. आणि चक्कर येते म्हणता ना, तर मांड्या आणि दुसऱ्या हाताची मूठ आवळून धरा, सोडा, परत आवळा. त्याने रक्तदाब खाली पडत नाही." मी कोपऱ्यात उभी राहून सगळं कानात साठवत होते. "आता स्पिरिट. गार लागेल. आता पट्टा. आता सुई, सहा सेकंद."

आत्याच्या कपाळावर घाम होता, ओठ पांढरे. पण मूठ आवळलेली. सुई निघाली तशी ती छताकडे बघत म्हणाली, "नऊ झाले. तीन सेकंद उशीर. कारण?"

"शीर सरकली."

"मग तसं सांगायचं होतं."

"पुढच्या वेळी सांगेन," सिस्टर म्हणाल्या, अगदी ड्रायव्हर ओशाळतो तशा. जाता जाता आत्याने लॅबचा रबरी पट्टा नेऊन दिला, धुऊन, घडी करून.

इन्शुलिनचं पेन म्हणजे नखाएवढी सुई. आकडा फिरवायचा, पोटाला लावायचं, दाबायचं, दहापर्यंत मोजायचं, काढायचं. पहिले तीन आठवडे रोज सकाळी आत्या सिस्टरकडे जायची. त्या टोचायच्या, ही बोलायची. "आकडा दहा. सुई लावली. दाबलं." मग उलट, ही भांडी घासायच्या ओल्या स्पंजला टोचायची आणि त्या बोलायच्या. आमच्या घरातल्या स्पंजला त्या महिन्यात जेवढी टोचणी लागली तेवढी मला दहावीतही लागली नव्हती.

स्वतःला टोचायची पहिली सकाळ फसली. जेवणाच्या टेबलाशी ती वीस मिनिटं पेन हातात घेऊन बसली. मग पेन खाली ठेवलं आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, "आजची गाडी रद्द. प्रवाशांनी दुसऱ्या मार्गाने जावे." आणि चपला घालून सिस्टरकडे गेली, तिथे घेऊन आली. मला हसू यायला हवं होतं. तिच्या चपला जिन्यात सावकाश वाजत गेल्या, तेव्हा आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही रद्द, तिसऱ्याही, आणि पुढचे कित्येक दिवस असेच. एकही दिवस इन्शुलिन चुकवलं नाही, आणि एकदाही 'उद्या नक्की' म्हणाली नाही. विचारलं की म्हणायची, "वेळ माहीत नाही. कळली की सांगते."

मुदतीला सहा दिवस उरले असताना सकाळी आठला ती खुर्ची भिंतीला टेकवून बसली, पाय आवळले, आणि मला म्हणाली, "दहा मोजायचं काम तुझं. मी बोलणार नाही."

तिने आकडा फिरवला. पेन पोटाजवळ नेलं. तिचे डोळे उघडे होते, एवढं मी बघितलं, कारण त्यानंतर मी माझे मिटून घेतले. एक, दोन, तीन. दहा म्हणून डोळे उघडले तर पेनला टोपण लागलं होतं, आणि आत्याचा चेहरा खडूसारखा पांढरा, पण खुर्चीत ताठ.

"मी बघितलंच नाही," मी म्हणाले. "नुसतं ऐकून पैज कशी धरायची?"

आत्याने घड्याळाकडे बघितलं. "उद्या आठ वाजता परत आहे. परवा आठ वाजता पण. जन्मभर आठ वाजता आहे. ज्या दिवशी तुझे डोळे उघडे राहतील त्या दिवशी बघ."

चौथ्या दिवशी राहिले. तिचे तळहात तेव्हाही गार होते, मी धरून बघितले. ते आजही गार पडतात. सुई आवडायला लागली वगैरे काही झालेलं नाही. ती रोज घाबरते आणि रोज घेते. या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत डोकावून सांगितलं, डाग वाढलेले नाहीत, कळतंय ना? बाबांनी ते घरी येऊन तीनदा सांगितलं. मीही वर्गात सांगितलं, कुणी विचारलं नसताना.

मी हरले, सरळ हरले, आणि महिनाभर तिची नक्कल बंद. लिहिण्यावर बंदी नाही एवढं आधी विचारून घेतलंय, म्हणून हे कागदावर. काल चहावाल्याने मला सगळ्यांसमोर गळ घातली, "अगं, मिनिटबाईचा आवाज काढ की एकदा." घोषणा चालू होती, तिच्या आवाजात, गाडी क्रमांक अडतीस, पाटी बरोबर वाचलेली. माझ्या जिभेवर अख्खं वाक्य तयार होतं. मी चहा प्यायले आणि म्हटलं, "अकरा दिवस उशिरा. कारण, पैज." तेसुद्धा माझ्याच साध्या आवाजात.