कागदावरून तपासलेली बाई

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली, तोही ढिम्म. मग ते पलंगाच्या कडेला बसले. इथले डॉक्टर पलंगावर बसले म्हणजे काहीतरी मोठं बिनसलंय, एवढं जर्मनीतल्या तीस वर्षांत मला कळायला लागलं होतं.

"गियां-बारे सिंड्रोम," ते म्हणाले.

मला ते महागड्या अत्तराचं नाव वाटलं. मी मान डोलावली आणि "डांके" म्हणाले. आजार झाल्याबद्दल आभार मानणारी ती बाई छप्पन्न वर्षांची होती आणि स्वतःला भारी शहाणी समजत होती. आज मी दोन नातींची आजी आहे. ती बाई कुठे भेटली तर तिचा कान धरून सगळी उत्तरं परत द्यायला लावीन.

या आजारात आपल्याच शरीराचं सैन्य चुकून आपल्याच नसांवर चाल करून जातं. सुरुवात पायांपासून होते. मुंग्या येतात, मग जोर जातो, आणि ते वर वर चढत येतं. छातीपर्यंत पोचलं तर श्वास अडतो. म्हणून मला लगेच अतिदक्षता विभागात हलवणार होते.

"हे कधीपासून होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीन-चार दिवस."

साफ खोटं. घाबरून बोललेलं नव्हे, सवयीने बोललेलं. पुढची पाच वर्षं मी या तीन-चार दिवसांची शिक्षा भोगली, म्हणून खरं काय घडलं ते आधी सांगते.

दोन हजार तीनचा ऑक्टोबर. आम्ही र्युसेल्सहाइमला राहत होतो. आमचे हे गाड्यांच्या कारखान्यात ड्रॉइंगच्या खात्यात होते आणि मी जवळच्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करायचे. आपल्यामुळे तिथल्या म्हाताऱ्यांना फ्लू होऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी लस घ्यावी, अशी सरकारी शिफारस होती. मी रांगेत सर्वांत पुढे. पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी बाही वर करून तयार.

बाराव्या दिवशी तळव्यांना मुंग्या आल्या. मी काय केलं? नव्या सपाता आणल्या. चौदाव्या दिवशी आमच्याकडे इमारतीचा जिना पुसायची पाळी होती. पाय कापसाचे झाले होते. एकेका पायरीवर बसत, कठड्याला लोंबकळत मी तो जिना कसाबसा पुसला. घरी कुणाला सांगितलं नाही, कारण दिवाळी तोंडावर होती आणि बावीस माणसं फराळाला यायची होती. चकल्या स्टुलावर बसून तळल्या.

त्यातच पोट बिघडलं. दोन दिवस. कामावर सुट्टीची चिठ्ठी हवी म्हणून नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. पोटाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणखी काही?" मी म्हणाले, "छे, बाकी सगळं छान." एका भेटीत दोन दुखणी सांगणं मला हावरटपणाचं वाटायचं. पुण्यात भाजीवालीशी हुज्जत घालून वर कोथिंबीर मागणारी मी, डॉक्टरांकडे मात्र एका दुखण्यावर संतुष्ट!

लस घेतल्याला चार आठवडे झाले त्या सकाळी न्हाणीघरात कोसळले, तेव्हा हॉस्पिटल.

पहिले काही दिवस तुकड्यातुकड्यांनी आठवतात. लंबर पंक्चर झालं. म्हणजे पाठीच्या मणक्यांमधून सुईने पाणी काढतात आणि त्यातली प्रथिनं मोजतात. तुम्हाला करावं लागलं तर घाबरू नका. पाठ मांजरीसारखी वाकवायची आणि हलायचं नाही, बस. नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली. म्हणजे नसांना छोटे झटके देऊन निरोप किती वेगाने पोचतो ते बघतात. माझे निरोप जवळजवळ पोचतच नव्हते. मग पाच दिवस शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे निरोगी लोकांच्या रक्तातली संरक्षक द्रव्यं. श्वास वाचला. हात परत आले. पाय मात्र निवांत, उन्हाळ्याच्या सुट्टीवर गेल्यासारखे.

चार महिने पुनर्वसन केंद्रात काढले. उजवं पाऊल लटकंच राहिलं. त्याला फूट ड्रॉप म्हणतात. चालताना पंजा वर उचलला जात नाही, म्हणून बुटात गुडघ्यापर्यंत येणारा प्लॅस्टिकचा आधार घालावा लागतो.

तिथल्या समाजसेविकेने एकदा सहज विचारलं, "आजाराआधी लस घेतली होती का?" मग तिने समजावलं. सरकारने जाहीर शिफारस केलेल्या लशीने कुणाला कायमची इजा झाली, तर त्याची जबाबदारी सरकार घेतं. तसा कायदाच आहे. उपचार, व्यायाम, आधाराची साधनं, निवृत्तिवेतन, सगळं. त्यासाठी फेरसोर्गुंग्सआम्ट नावाच्या कचेरीत अर्ज करायचा.

मला हे फार आवडलं. तुम्ही इतरांसाठी हात पुढे केलात, काही झालं तर इतर तुमच्यासाठी उभे राहतील. इतका सरळ व्यवहार! आमच्या मुक्ताने, म्हणजे मुलीने, अर्ज भरला. ती इथेच वाढलेली. मी मराठीत बोलायचं, तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, हा आमच्या घरचा रिवाज. मी म्हटलं, "महिन्याभरात येईल बघ उत्तर." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी लहान आणि ती माझी आई.

उत्तर यायला सव्वा वर्ष लागलं. नकार.

कारणं दीड पानावर होती. रुग्णाच्या पायांची तक्रार हॉस्पिटलात येण्याआधी तीन-चार दिवस सुरू झाली. त्याच्या आठवडाभर आधी पोट बिघडल्याची नोंद आहे आणि तेव्हा अन्य तक्रार नव्हती. हा आजार पोटातल्या जंतुसंसर्गानंतर होऊ शकतो. इथपर्यंत ठीक, ते खरंच आहे, मीही नंतर वाचलं. पण पुढचं वाक्य ऐका: "रुग्ण मूळच्या भारतातील असल्याने व मायदेशीच्या खानपानाच्या सवयी पाहता असा संसर्ग अधिक संभवनीय वाटतो."

मी तीन वर्षांत भारतात गेले नव्हते. पोटातल्या जंतूंची तपासणी कुणी केली नव्हती. ज्या डॉक्टरने हे लिहिलं त्याने मला पाहिलंसुद्धा नव्हतं. खाली लिहिलं होतं, "नाख आक्टेनलागे". म्हणजे फक्त फाइल वाचून. माझा पाय, माझा गुडघा, माझी जीभ, काही न बघता त्याने माझं स्वयंपाकघर मात्र तपासलं! ज्या बाईच्या हातचं सूप वृद्धाश्रमातली चाळीस माणसं रोज पीत होती, तिच्या चकल्या गुन्हेगार.

"अहो, हे वाचलंत का?" मी यांना म्हटलं.

"वाचलं," हे म्हणाले. "पण अगं, तीन-चार दिवस असं तूच सांगितलंस ना?"

तेच तर. खोटं त्यांनी लिहिलं नव्हतं. ते मीच पुरवलं होतं.

मुक्ताचा पारा माझ्याहून वर. "मामा, वारूम?" का, आई? दोन डॉक्टरांनी विचारलं, दोघांना तू चुकीचं सांगितलंस! तिने विडरश्प्रुख, म्हणजे हरकतीचा अर्ज, टाकला. तोही वर्षभर लोळला आणि परत आला. बाराव्या दिवसाच्या मुंग्यांना लेखी पुरावा काय, एवढाच प्रश्न. माझ्या सांगण्याला किंमत नव्हती. यांच्या सांगण्यालाही नव्हती, नवराच तो. दिवाळीच्या पाहुण्यांना विचारलं, तर एकजात म्हणाले, "तुम्ही किती हसतमुख होतात!" काय दिवे लावले माझ्या हसतमुखपणाने!

एका रविवारी मुक्ता घराच्या जुन्या करारासाठी यांची फाइल चाळत होती. हे प्रत्येक कागद भोकं पाडून लावणारे. तिच्या हाती एक पत्र लागलं. खालच्या मजल्यावरच्या फ्राउ क्रेमर, म्हणजे क्रेमरबाई, यांनी घरमालकाच्या कचेरीकडे माझ्याविरुद्ध केलेली तक्रार. कचेरीने तिची प्रत आम्हाला पाठवली होती. तेव्हा मी ती वाचून इतकी संतापले होते, की त्या बाईशी तीन वर्षं "गुटेन टाग"सुद्धा केलं नव्हतं.

मुक्ताने मोठ्याने वाचलं: "फ्राउ साठे यांनी आपल्या पाळीत जिना नीट पुसला नाही. त्या प्रत्येक पायरीवर बसत होत्या व दोन्ही हातांनी कठडा धरून स्वतःला वर ओढत होत्या. मी विचारले, तेव्हा त्या हसल्या. ही काम टाळण्याची नवी पद्धत दिसते." वर तारीख. पोट बिघडण्याच्या तीन दिवस आधीची.

मी पत्र तिच्या हातून घेऊन तारीख पुन्हा वाचली. माझ्या आजाराची सर्वांत चोख नोंद त्या बाईने केली होती, आणि तीसुद्धा मला कामचुकार ठरवण्यासाठी.

काठी टेकत मी तिच्या दाराशी गेले. तिने साखळी न काढता फटीतून पाहिलं.

"फ्राउ क्रेमर, तुमचं ते जिन्याचं पत्र..."

"मी लिहिलं ते खरंच लिहिलं. मागे घेणार नाही."

"नका घेऊ! तेच न्यायालयात सांगाल का?"

फट थोडी रुंदावली. मी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच, आडपडदा न ठेवता, मुंग्यांपासून. ती माझ्या पायाच्या आधाराकडे बघत राहिली.

"मग तेव्हा हसलात कशाला?" ती रागावून म्हणाली. "माणूस पडायला आलं की हाक मारतं. मी काय धरलं नसतं?"

मग तिने साखळी काढली आणि मला आत बोलावलं. 

सामाजिक हक्कांच्या न्यायालयात फी पडत नाही आणि पहिल्या पायरीला वकीलही सक्तीचा नाही. हे लक्षात ठेवा, भीतीनेच अर्धे लोक तिथे जात नाहीत. न्यायालयाने नव्या तज्ज्ञ डॉक्टर नेमल्या. त्यांनी मला बोलावलं. दीड तास तपासलं. अंगठ्यावर कापूस फिरवला, टाचेवर टोचलं, आणि म्हणाल्या, "घाई नाही. पहिल्या दिवसापासून सांगा." मी रडले. इतक्या वर्षांत माझ्या तळव्याला हात लावून विचारणारी कचेरीकडची वा न्यायालयाकडची ती पहिलीच व्यक्ती.

सुनावणीला फ्राउ क्रेमर चर्चला जायचा कोट घालून आल्या. कचेरीच्या प्रतिनिधीने विचारलं, एवढ्या वर्षांनी तुम्हाला नेमकं कसं आठवतं?

"मला आठवायची गरज नाही. मी लिहून ठेवते. तुम्ही ठेवत नाही का?"

न्यायाधीशबाई खाली बघून काहीतरी शोधायला लागल्या. मला वाटतं हसू लपवत होत्या.

तज्ज्ञ डॉक्टरांनी सांगितलं की नसांची दुर्बलता पोट बिघडण्याआधीची आहे, म्हणून पोटाला कारण ठरवता येत नाही. लशीनंतरचा काळ जुळतो, दुसरं कारण सापडत नाही. असं फार क्वचित होतं, पण इथे झालेलं दिसतं. दोन हजार आठ साली निकाल माझ्या बाजूने लागला. इजेचं प्रमाण आम्ही मागितलं त्याहून कमी धरलं. तरी आयुष्यभराचे व्यायाम आणि पायाचा आधार आता हक्काचा झाला. दरवेळी विमा कंपनीपुढे हात जोडणं संपलं.

लोक म्हणाले, "शेवटी न्याय मिळाला, देवाचे आभार माना." देवाचे मानते. डॉक्टरांचे, मुक्ताचे, फ्राउ क्रेमरांचे मानते. कचेरीचे मात्र मानणार नाही. माझं होतं ते पाच वर्षं उशिरा देणाऱ्याचे आभार कसले? आणि ज्याला मुक्तासारखी मुलगी नाही, ज्याला दीड पानी जर्मन वाचता येत नाही, त्याने काय करायचं?

लशींच्या विरुद्ध मी नाही. माझ्या नातींना सगळ्या लशी वेळेवर दिल्यात, मी स्वतः सोबत गेले. हजारोंच्या भल्यासाठी एखाद्याच्या वाट्याला असं यायचं, हे मला समजतं. पण त्या एखाद्याला खोटारडं ठरवू नका, एवढंच म्हणते. आणि तुम्ही, जे हे वाचताय आणि ज्यांच्या तळव्यांना आज मुंग्या येताहेत, तुम्ही डॉक्टरांचा वेळ वाचवू नका. सगळं सांगा. त्यांना लिहायला लावा, आणि काय लिहिलंय ते वाचून दाखवायला लावा.

निकालानंतर एक कागद सही करून कचेरीत द्यायचा होता. पोस्टाने चालला असता. मी म्हटलं, मी जाते.

इतकी वर्षं मला येणाऱ्या पत्रांखाली जिची सही असायची ती मुलगी तिशीतली निघाली. नाकाला रुमाल, सर्दी झालेली. मी नाव सांगताच उभी राहिली, स्वतः खुर्ची ओढून दिली. माझी फाइल कपाटातून काढली. फाइल कसली, दोन जाडजूड ठोकळे.

"अच्छा, तर तुम्ही फ्राउ साठे," ती म्हणाली, "मला तुम्ही वेगळ्याच वाटला होतात."

"मलाही तुम्ही. शिंगं कुठे गेली?"

ती दचकली, मग हसली, मग लाल झाली. मी पर्समधून माझा एक फोटो काढला. पुनर्वसन केंद्राच्या बागेतला, मी उभी असलेला, पातळ जरा वर धरून पायातला आधार दाखवणारा.

"हा पहिल्या पानाला लावा. फाइल वाचून निर्णय करणाऱ्याला मी दिसले पाहिजे."

"तसा नियम नाही, फ्राउ साठे. फोटोला यात जागाच नाही."

"बघा जमलं तर," म्हणाले आणि उठले. मला उठायला वेळ लागतो, चालायला त्याहून जास्त. दारापाशी पोचून मागे वळले, तर ती पंचिंग मशीन पुढ्यात घेऊन बसली होती. फोटो इकडे सरकवत होती, तिकडे सरकवत होती, भोकं माझ्या अंगावर पडू नयेत म्हणून.