रुवैसचा धक्का, स्वस्तातली काठी आणि आबांचा बाराकुडा

दोह्याहून कतारच्या उत्तर टोकाला, रुवैसला मासे धरायला जायचं ठरलं ते माझ्या सासऱ्यांच्या एका वाक्यावरून. "सूनबाई, हितं मी निस्ता कपाटागत उभा हाय. इनायकला सांग, माझं तिकीट काढ म्हणावं."

ऐंशीच्या दशकाचा मध्य. विनायक, म्हणजे माझा नवरा, एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर होता आणि आम्ही दोह्याच्या अल मन्सूरा भागात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. आबा कऱ्हाडचे, उभी हयात एसटीचं स्टिअरिंग धरलेला माणूस. आदल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. बाकी सगळं सावरलं, पण उजवा हात रुसला. बोटं वळायची, पण पकड राहायची नाही. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी कोचाखाली ढकलून दिला होता. हवापालट म्हणून तीन महिन्यांसाठी आणलं, तर दुसऱ्याच आठवड्यात ही तिकिटाची भाषा.

मी त्या वेळी सासऱ्यांशी फार बोलत नसे. जेवायला वाढलंय, औषध घेतलंत का, एवढंच, तेही हळू आवाजात. पण ते एकदा आपणहून बोलले होते, कृष्णेच्या डोहात गळ टाकून मरळ धरायचे त्याबद्दल. तेवढ्या वेळापुरता त्यांचा चेहरा उजळला होता. म्हटलं, कृष्णा नाही तर नाही, इथे तिन्ही बाजूंनी समुद्र आहे.

आता सामानाचं. हे वाचून तुमच्यापैकी कुणाला हुरूप आला तर हा भाग नीट वाचा, कारण आम्ही आधी चुकलो. जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, दोर, जाळी, नांगर विकणारी दुकानं होती. तिथून मी सगळ्यात स्वस्त काठी, बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, आणि मूठभर गळ घेतले. संध्याकाळी कॉर्निशवर, शहरातल्या समुद्रकाठच्या रस्त्यावर, बसलो. मासा लागला, एक झटका बसला आणि तंगूस ब्लेडने कापल्यासारखा सफाईने तुटला. शेजारी गळ टाकून बसलेला मल्याळी ड्रायव्हर मला ताई म्हणत बोलला, "चेची, वो जिद् था. बाराकुडा. उसका दाँत देखा है?"

"काय म्हनला?" आबांनी विचारलं.

"माशाचं नाव जिद् आहे म्हणे."

"मग आपली बी हाय," आबा म्हणाले. इथे आल्यापासून त्यांच्या तोंडून ऐकलेला तो पहिला विनोद.

दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात आबांना घेऊन गेले. दुकानदार बलोची होता, हिंदी उत्तम बोलायचा. बाराकुडा म्हटल्यावर त्याने भिंतीवरच्या चकचकीत महागड्या काठ्या दाखवल्या. मी मान हलवली. शेवटी आमचं जमलं ते असं: सात फुटी फायबरग्लासची जाड, साधी काठी. ती आपटा, तुडवा, मोडत नाही. मध्यम आकाराचं रीळ, कुणीतरी वापरून परत विकलेलं, पण आतली चाकं शाबूत. तंगूस आधीच्या दुप्पट जाड. आणि गळाच्या वर बांधायची वीतभर पोलादी तार, जी दातांनी तुटत नाही. आमिष म्हणून धातूचे दोन चमचे. त्यांना तसंच म्हणतात, पाण्यात ओढले की छोट्या माशासारखे लकाकतात. काठी आणि रीळ मिळून आमच्या महिन्याच्या किराण्याच्या निम्म्यातच बसलं. नवशिक्यांनो, काठीत पैसे वाचवा, तार आणि गळात वाचवू नका.

खरी अडचण हाताची होती. पण त्या रिळाचं हँडल काढून दुसऱ्या बाजूला बसवता येत होतं. म्हणजे काठी आबांच्या धडक्या डाव्या हातात, आणि फिरवायचं काम उजव्याकडे. हँडलची मूठ बारीक होती, त्यांच्या बोटांतून निसटायची. मी क्रिकेटच्या बॅटची रबरी ग्रिप आणून तिच्यावर दोन पदरी चढवली. रिळावर ब्रेकचा एक स्क्रू असतो. तो किती आवळायचा हे दुकानदार समजावत होता, तर आबा मधेच म्हणाले, "कळलं. क्लच हाय ह्यो. माशानं जोर केला की थोडा स्लिप हुयाला पायजे, न्हाईतर वायर तुटंल."

दुकानदाराने विचारलं, "क्या बोले?"

"बोले, समझ गए," मी म्हटलं.

शुक्रवारी फटफटायला निघालो. विनायक गाडी चालवत होता, जांभया देत. दोह्याच्या बाहेर पडलं की उत्तरेचा रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना भुरकं माळरान, अधूनमधून एखादं खुरटं झुडूप आणि उंटांचा कळप. अल खोरला पेट्रोल भरलं, जे पाण्यापेक्षा स्वस्त होतं असं आम्ही गमतीने म्हणायचो आणि ते खरंही होतं. पंपाशेजारच्या कॅफेटेरियात वर्तमानपत्रात गुंडाळलेला अंडा-पराठा आणि दाट दुधाचा चहा घेतला. आबांनी दुसरा चहा मागितला. विनायकने माझ्याकडे पाहिलं. मी लगेच आणखी एक सांगितला.

पुढे तासाभरात रस्ता समुद्रात संपल्यासारखा संपतो, तिथे रुवैस. बंदर छोटंसं. लाकडी होड्या, सुकत घातलेली जाळी, आणि तारेचे घुमटासारखे पिंजरे एकावर एक रचलेले. त्यांना गरगूर म्हणतात, ते समुद्राच्या तळाशी सोडून मासे अडकवतात. पाणी इतकं नितळ की धक्क्यावरून तळाची वाळू दिसत होती. विनायक म्हणाला, "मी जरा पाठ टेकतो," आणि गाडीत घोरायला लागला.

धक्क्यावर एक म्हातारे कतारी गृहस्थ उपड्या टोपलीवर बसले होते. नाव अबू सालेम. तरुणपणी होडीतून मुंबईला खेपा केलेल्या, त्यामुळे त्यांची हिंदी थेट भाऊच्या धक्क्यावरची. मला पाहून ते म्हणाले, "बाई, तुम पकडेगा?"

"हम दोनों," मी म्हटलं.

तशी पद्धतच आम्ही गच्चीवर सराव करून बसवली होती. लांब फेकायचं काम माझं, कारण आबांना एका हाताने ते जमेना. फेकलं की काठी त्यांच्या हातात द्यायची, मग ते ओढणार. चमचा पाण्यातून चमकत परत यायचा, रिकामा. पुन्हा फेक. पुन्हा रिकामा. ऊन चढलं. माझा खांदा भरून आला, आबांची बोटं मुठीवरून घसरायला लागली. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

"एकदाच."

मी फेकलं. चमचा धक्क्याच्या अगदी जवळ आला तेव्हा मला त्याच्यामागे एक लांब, राखाडी सावली दिसली. वळवळत नव्हती, नुसती सरकत येत होती.

"थांबू नका! जोरात!" मी ओरडले.

आबांनी हँडल गरागरा फिरवलं. पाणी फुटलं, काठी कमान झाली आणि रीळ किंचाळत सुटलं. मासा समुद्राकडे धावला. आबांचा उजवा हात मुठीवरून निसटला, ते एक पाऊल पुढे ओढले गेले. मी काठी धरायला झेपावले.

"हात लावू नगंस!"

मी जागच्या जागी थांबले. त्यांनी काठीचं बूड पोटाशी रोवलं, उजवा तळवा मुठीवर आपटून पुन्हा बसवला. चेहरा लालबुंद. मी धक्क्याच्या कडेला पोटावर पडून पाण्यात बघत होते आणि घसा फाटेस्तोवर ओरडत होते. "फिरवा! आता सोडा, पळू दे त्याला! वळला, आबा, वळला! फिरवा!" ते माझा शब्दन् शब्द पाळत होते. मासा एकदा अख्खा हवेत उसळला, चांदीचा पट्टा नुसता. अबू सालेम टोपली लाथाडून उठले. "यल्ला, यल्ला!" करत त्यांनी शेजारच्या होडीतून लांब दांड्याचा आकडा आणला. मासा पायऱ्यांपाशी आला, पुन्हा पळाला, पुन्हा आला. तिसऱ्या खेपेला अबू सालेमनी आकडा घातला आणि तो वर घेतला.

बाराकुडा उभा धरला तर माझ्या कमरेच्याही वर येत होता, जबडा कुत्र्यासारखा. पोलादी तारेवर दातांचे ओरखडे होते, पण तार अखंड.

आबा मटकन खाली बसले. उजवा हात अजून हँडलवर घट्ट मिटलेला. त्यांनी तो बघितला, मला दाखवला. "सुटंना गं," ते म्हणाले आणि हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बोटं मी एकेक करून सोडवली. आरडाओरडा ऐकून विनायक धावत आला आणि बघतच राहिला.

मासा डिकीत तिरका ठेवावा लागला. परतीच्या वाटेवर आबा म्हणाले, "इनायक, तुझी बायकू कंडक्टर पायजे हुती. काय आवाज हाय!"

संध्याकाळी तो न्हाणीघरात कापला. सुरमईपेक्षा घट्ट मांस, पण चिंच-लसणाच्या वाटणात झकास लागतं. अख्ख्या बिल्डिंगला तुकड्या वाटल्या. शेजारच्या पेशावरी कुटुंबाला आणि वरच्या मल्याळी नर्सेसना आबांनी सगळी हकिगत शुद्ध कऱ्हाडी मराठीत सांगितली. कुणाला शब्द कळला नाही, पण कुणी उठूनही गेलं नाही. विनायकला कुणी शाबासकी दिली की तो म्हणायचा, "मी झोपलो होतो. ह्या दोघांनी धरला."

तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. आबा व्हिसा संपेपर्यंत राहिले. हात पूर्ण बरा झाला नाही, पण घास तोंडाशी नेण्याइतका, रीळ फिरवण्याइतका सुधारला.

आज तुम्ही जाणार असाल तर आधी तिथले मासेमारीचे नियम विचारून घ्या. रस्ता आता रुंद आहे, निम्म्या वेळात पोचाल. मी नंतर याहून मोठे मासे धरले. पण मला त्या प्रवासातून मिळाला तो माझा आवाज. एकदा ज्यांच्यावर घसा फोडून ओरडले, त्यांच्याशी पुन्हा कुजबुजत बोलणं मला जमलंच नाही. मीठ, राजकारण, भरती-ओहोटी, कशावरूनही आमचं जुंपायचं, स्वयंपाकघरात, जेवणावर, गाडीत. विनायक कानावर हात ठेवून म्हणायचा, "अरे, तुम्हा दोघांना पाच मिनिटं गप्प बसता येत नाही का?"

नाही. येत नव्हतं.