चौकटीतल्या तांबड्या फुल्या

संगणकाचा पडदा उजळला आणि पांढऱ्याशुभ्र पानावर रिकाम्या चौकटी उमटल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात एक बारीक तांबडी फुली. इतकं रम्य दृश्य मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. एरवी तो रंग मला सोसत नाही, पण त्या सकाळी तो डोळ्यांना चक्क गार वाटला. मत्सराला स्वतःचा असा ऋतू असतो का हो? असलाच तर तेव्हा तो माझ्यात ऐन बहरात होता.

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमचा पंपांचा कारखाना. मी बदलापूरहून येई आणि सकाळी खात्याखात्यांत फिरून, उत्पादनाचे आकडे गोळा करून त्यांचा तक्ता करी. वर्षानुवर्षं तो तक्ता साहेबांच्या टेबलावर जाई, कधी त्यांच्या चहाच्या कपाखालीही. मग उल्हासनगरची भारती आली. सिंधी घरातली, चटपटीत, हसरी. तिचा राग धरावा तर तोही धड धरता येऊ नये अशी. तिनं माझेच आकडे उचलले आणि संगणकावर एक देखणं पान रचलं. प्रत्येक खात्याचा रंगीत स्तंभ आणि शेजारी तिथल्या माणसांचा फोटो. त्याला ती डॅशबोर्ड म्हणे. साहेब तिच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणत, “याला म्हणतात काम.” मग इतकी वर्षं मी करत होते ते काय होतं? हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. तो रोज माझ्यासोबत डबा खायला बसे.

त्या दिवशी पुण्याहून वरिष्ठ यायचे होते. साहेबांच्या संगणकावर पान उघडलं तर आकडे जागेवर, स्तंभ जागेवर आणि माणसांच्या जागी फुल्या. भारती रडवेली झाली. “ताई, देखो ना, माझ्या पीसीवर तर सगळं बरोबर दिसतंय.” साहेब माझ्याकडे वळले. “तुम्ही जुन्या आहात. जरा बघा, दुपारी ते लोक येतील.” नाही म्हणता आलं असतं. पण ‘मला जमत नाही’ असं म्हणणं मला मत्सराहूनही जड गेलं.

आमच्या कचेरीत ज्याचा संगणक त्याचाच. दसऱ्याला प्रत्येकानं आपापल्या पडद्याला झेंडूचा हार घालायचा आणि एरवी दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही, असा अलिखित शिष्टाचार. त्यामुळे भारतीनं आपलं पान दुसऱ्या कुठल्याच पडद्यावर उघडून पाहिलं नव्हतं. मी फुलीवर टिचकी मारून फोटोचा पत्ता वाचला आणि दुखणं कळलं. पत्ता सी ड्राइव्हचा होता. भारतीच्या संगणकात तिथे फोटो होते, साहेबांचा संगणक बिचारा ते आपल्याच पोटात शोधत होता. मी भारतीकडून सगळे फोटो कचेरीच्या सामाईक फोल्डरात ठेवून घेतले आणि पत्ते बदलले. एक फोटो मात्र तरीही येईना. तो कॅमेऱ्यातून जसाच्या तसा घेतलेला, अवाढव्य; त्याला लहान केलं. पान पुन्हा उघडलं आणि चौकटीचौकटीत माणसं हसू लागली. माझ्या हातांनी मी तिचं कौतुक दुरुस्त करून दिलं होतं.

दुपारी वरिष्ठ भारतीशी हस्तांदोलन करून गेले. मग खात्यांतली माणसं स्वतःला पाहायला आली. ओतकामातले तुकारामदादा पडद्याशी नाक नेऊन निरखत राहिले आणि एकदम म्हणाले, “आमी सगळे हायत. ताई, तुमचा फोटो कुठंय?”

फोटो दिसत नसेल तर त्याचा पत्ता तपासता येतो. पण जिच्यासाठी चौकटच आखलेली नाही तिनं काय तपासावं? भारतीनं जीभ चावली. “अरे, ताई, तुमचा काढायचा राहूनच गेला. उद्या काढते, पक्का.” “कशाला गं,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातली अबोली साडी काढली, नीट चापूनचोपून नेसले, आरशासमोर नेहमीपेक्षा जास्त रेंगाळले. कचेरीत कॅमेरा भारतीच्या टेबलावरच होता. तिनं मला पाहिलं आणि मनापासून म्हणाली, “ताई, किती छान दिसताय. आज काही खास?”

“काही नाही,” मी म्हटलं आणि आकडे आणायला खात्यांकडे निघाले.