कोतवाल बुकातला थोरला

पोरीच्या लग्नाची पत्रिका अडली ती मुहूर्तामुळे नाही आणि नवरदेवाकडच्यांमुळेही नाही. अडली ती माझ्या बाबांमुळे आणि त्यांच्या चुलत भावामुळे, ज्यांना मी काका म्हणतो. पत्रिकेत घरच्या माणसांची नावं वयाच्या उतरंडीने छापतात, सगळ्यात वर सगळ्यात मोठ्याचं. आणि आमच्या भावकीत सगळ्यात मोठा कोण यावरून हे दोन ऐंशीच्या घरातले म्हातारे कळायला लागल्यापासून भांडत आले होते.

मंगरूळपीरचा प्रेसवाला रोज सकाळी फोन करायचा. "भाऊ, नावं पाठवा नं. तुमच्यासाठी मशीन थांबवून राह्यलो मी."

मी म्हणालो, दोघांचीही नावं एकाच ओळीत छाप. तो म्हणाला, "छापतो. डाव्या बाजूले कोनाचं घेऊ?"

मी फोन आपटला. मोबाइल आपटला तर समोरच्याला काहीच कळत नाही आणि काच मात्र आपली फुटते, एवढं ज्ञान त्या दिवशी पदरात पडलं. माझा स्वभावच तसा आहे. वांग्याचा भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याशी मी तासभर हुज्जत घालू शकतो, पण घरातल्या म्हाताऱ्यांपुढे माझं डोकं दोन मिनिटांत फिरतं.

भांडणाचं मूळ साधं होतं. काकांचे वडील थोरले भाऊ, माझे आजोबा धाकटे. दोघांच्या बायका एकाच हंगामात, एकाच घरात, एकाच सुईणीच्या हातून बाळंत झाल्या. माझी आजी सांगायची, "मी माह्या पोट्ट्याले पाजत होती, तवा कुठं जाऊबाईच्या पोटात दुखाले लागलं." थोरली आजी अगदी हेच वाक्य आपल्या बाजूने सांगायची. सुईणीला लुगडं दोन्हीकडून हवं होतं, म्हणून ती ज्या ओसरीवर बसेल तिथलं पोर मोठं ठरायचं. पुढे गुरुजींनी दोघांचीही नावं एकाच दिवशी शाळेत घातली, दोघांचीही जन्मतारीख एक जुलै लिहिली आणि हात झटकले. तेव्हापासून पोळ्याला बैल आधी कोणाचा, पंगतीत पाट आधी कोणाला, फेटा आधी कोणाच्या डोक्याला, हे सगळं दरवेळी नव्याने भांडून ठरायचं.

तरी इतकी वर्षं ते भांडण दुसऱ्या नंबरासाठी होतं. पहिल्या नंबरावर दादा होते. दादा म्हणजे काकांचे सख्खे मोठे भाऊ, दोघांपेक्षाही सहा वर्षांनी मोठे. दिवाळीच्या पाडव्याला दोघंही धुतलेलं धोतर नेसून दादांच्या पाया पडायला जात आणि तेवढा एक दिवस भांडत नसत. दादा मागच्या उन्हाळ्यात गेले. त्यानंतरच्या पाडव्याला बाबांनी सवयीने टोपी घातली, फाटकापर्यंत गेले आणि परत येऊन बाजेवर बसले. मी विचारलं, कुठे निघाले होते? म्हणाले, "कुठी नाही." मला वाटलं, पहिल्या नंबराची खुर्ची आता आपली, या विचारात असतील.

पत्रिकेच्या निमित्ताने मला एकदम सुचलं ते कोतवाल बुक. गावात कोण जन्मलं आणि कोण मेलं याची ही जुनी सरकारी वही. गावचा कोतवाल खबर द्यायचा आणि ती तिच्यात चढायची. पोरीच्या जात पडताळणीसाठी मी त्यातूनच आजोबांची नोंद काढली होती. आता त्यांच्या पोरांची काढायची, एवढंच. मी दोन्ही म्हाताऱ्यांना समोरासमोर बसवलं आणि विचारलं, सरकारी कागद जे म्हणेल ते मान्य?

"मान्य," काका म्हणाले. "आन कागद निघाला की ह्याले सांगजो, तोंड लपवाले जागा पाहून ठेव."

"काढ कागद," बाबा म्हणाले. एवढंच. मला ते जरा कमीच वाटलं.

तहसीलच्या अभिलेख कक्षात लाल फडक्यांत बांधलेले बस्ते छतापर्यंत रचलेले होते. तिथल्या बाईंनी माझा अर्ज बघितला आणि विचारलं, "पडताळणी का?" मी खरं कारण सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवला, पदर तोंडाला लावला आणि खांदे हलेपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "थांबा, मीच शोधून देतो. माह्या सासऱ्याच्या घरीबी हेच चालू हाये."

त्या बस्ता शोधेपर्यंत मी बाकावर बसलो, आणि तिथेच माझा घात झाला. बाकावर मोडी वाचणारे एक म्हातारे गृहस्थ होते. लोकांच्या जुन्या नोंदी वाचून देण्यात त्यांचा दिवस जायचा. समोर आमच्याच गावाची खूप जुनी वही पडलेली. मी सहज म्हणालो, आमचं काही आहे का बघा. त्यांनी भिंग लावलं, बोट सरकवलं आणि वाचलं, आणि माझ्या पणजोबांच्या वडिलांचं नाव त्या खोलीत मोठ्याने ऐकू आलं.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. घरात ते नाव फक्त पितरांना पान वाढताना घेतात. इथे त्यांना पोर होत होतं, म्हणजे माझे पणजोबा जन्मत होते. "माळी, मुलगा," त्या गृहस्थांनी वाचलं. मी म्हणालो, अजून बघा. मग पणजोबांची बहीण निघाली, जिच्याबद्दल कोणालाच माहीत नव्हतं. दोन पानांनी ती मेलीही. पणजोबांचे आणखी दोन भाऊ निघाले. मला अवघ्या अर्ध्या तासात इतके नातेवाईक झाले की कोणाला पाणी विचारू आणि कोणाला चहा, असं होऊन गेलं. मी एकदा हसत होतो, एकदा डोळे पुसत होतो. माझ्या शेजारी अर्ज घेऊन उभा असलेला माणूस माझ्यापासून जरा लांब सरकला.

आणि मग त्याच बापाच्या, म्हणजे खापरपणजोबांच्या, मरणाची नोंद निघाली. त्यांची गोष्ट आमच्या घरात पोर पाळण्यात असल्यापासून ऐकतं. कामरगावकडच्या रानात त्यांनी वाघाशी झुंज दिली आणि त्यातच ते गेले. माझ्या भावकीतला प्रत्येक जण दोन घोट पोटात गेले की हा वाघ काढतो. मी छाती पुढे काढून म्हणालो, मरणाचं कारण वाचा. मोडीवाल्या आजोबांनी वाचलं, भिंग पुसलं, पुन्हा वाचलं.

"हगवण," ते म्हणाले.

"नीट बघा."

"पाह्यलं. हगवणच हाये, बाप्पा."

मी बाकावर आडवा पडायचा तेवढा बाकी राहिलो. पोट धरून हसलो, मोडीवाले आजोबाही हसले, बाई आतून विचारायला आल्या आणि त्याही हसल्या. त्यातच बायकोचा फोन आला. सकाळपासून ती एकटीच वांगी तोडत होती. "मेलेल्या मानसायचं झालं असन," ती म्हणाली, "तं जित्या मानसायकडे या."

मी संध्याकाळी घरी जाऊन बाबांना वाघाचं भीत भीत सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मंग? वाघाच्या भेवानंच लागली असन त्याले." मी हरलो. ह्या माणसाशी काका आयुष्यभर कसे भांडले असतील, याचं मला पहिल्यांदाच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बाबांच्या जन्माच्या सुमाराचा बस्ता काढून ठेवला होता. ही वही बाळबोध लिपीत होती, मलाही वाचता येत होती. कोतवाल बुकात बाळाचं नाव नसतं. बारशाच्या आधीच खबर गेलेली असते. बापाचं नाव, जात, तारीख आणि पुढे नुसतं मुलगा किंवा मुलगी. पण माझ्या आजोबांना मुलगा एकच, बाकी सगळ्या मुली. म्हणजे त्यांच्या नावापुढे मुलगा दिसला की ते बाबाच. थोरल्या आजोबांना मुलगे दोन, पण दादा आणि काकांत सहा वर्षांचं अंतर. चूक व्हायला जागाच नव्हती.

बाबा आधी सापडले. आजोबांचं नाव आणि पुढे मुलगा. मी त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि मला उगाचच त्यांना उचलून घ्यावंसं वाटलं. मग पुढची पानं उलटायला लागलो. काका पुढच्या पानावर असले की आपण जिंकलो. पुढच्या पानावर नव्हते. त्याच्या पुढच्याही नव्हते. महिना संपला, दुसरा लागला, शेजारपाजारची तीन पोरं जन्मली, काकांचा पत्ता नाही.

"मांगं पाहा नं," बाई हळूच म्हणाल्या.

मागचं पान उलटलं. तिसऱ्याच ओळीत थोरले आजोबा होते. मुलगा. तारीख बाबांच्या चार दिवस आधीची.

मी बाईंचा रागच केला, जणू त्यांनीच काकांना आधी जन्माला घातलं. मग नक्कल घेतली आणि मंगरूळहून निघणाऱ्या पहिल्या बसमध्ये बसून वाटभर मनात वाक्यं जुळवत राहिलो. कोतवालाची चूक झाली असेल. शाई पसरली असेल. चार दिवस म्हणजे काय, चार दिवस तर पाहुणाही राहतो.

बाबा बांधावर बसून सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होते. मी कागद दिला. त्यांनी चष्मा लावला, ओळ न् ओळ वाचली, पुन्हा वरून सुरुवात केली. मी म्हणालो, "बाबा, कोतवालाची चूक असू शकते."

"गप रे. कोतवाल कायले चुकते?" आणि ते हसायला लागले. म्हणजे अगदी दात नसलेलं, हिरड्या दाखवणारं, लहान पोरासारखं हसू. "मोठा निघाला तो! लेकाचा चार दिवसानं मोठा निघाला! ऊठ, माही टोपी आन."

मला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. मी टोपी आणेपर्यंत ते कागद घेऊन वांग्याच्या वावरातून निघालेही होते. गुडघेदुखीचा माणूस सरीवरून उड्या टाकत चालला होता आणि मी मागून ओरडत होतो की पडाल. काका अंगणात बाजेवर बसून लसणाच्या गड्ड्या निवडत होते. बाबांनी माझ्या हातातली टोपी डोक्यावर चढवली आणि ते थेट काकांपुढे जाऊन वाकले. काकांनी घाबरून पाय वर घेतले.

"काय सांडलं बे तुहं?"

"काई नाही सांडलं. पाय खाली घे. मोठा निघाला तू, चार दिवसानं."

काकांनी कागद ओढून घेतला, उलटा धरला, मग सुलटा केला. आणि मग जे झालं ते बघायला सगळी भावकी हवी होती. काका बाजेवर उभे राहिले. "सूनबाई, चहा मांड! साखर बरोबर टाक! मी मोठा निघालो!" आतून आवाज आला, "शुगर हाये तुमाले." काकांना शुगरचं काही नव्हतं त्या घडीला. पोळ्याला बैल माझा पुढे, पत्रिकेत नाव माझं वर, फोटोत मधली खुर्ची माझी, असं ते बोटांवर मोजत राहिले. बाबा समोर उभे राहून नुसते हसत होते.

शेवटी काकांना संशय आला. "तू हारला. मंग हासून काहून राह्यला?"

"मी हारलो, पन मले जागा भेटली नं," बाबा म्हणाले. "दादा गेला तवापासून कोनाच्या पाया पडलो नाही मी. पाडव्याले टोपी घालून निघालो, आन मंग आठोलं, जाचं कुठी? आता माह्यासाठी तू हायेस. तुह्यासाठी कोन हाये? सांग बरं." आणि पुन्हा हसले, चिडवल्यासारखे.

काका हळूहळू बाजेवर बसले. अंगणात इकडे बघितलं, तिकडे बघितलं, माझ्याकडेही बघितलं. त्यांच्या वर आता कोणीच नव्हतं. पाडव्याला बाबा फाटकातून परत फिरले ते का, हे मला तेव्हा कळलं, आणि मी त्यांना किती चुकीचं समजलो होतो याची लाजही वाटली.

चहा आला. कोणी उचलला नाही.

"इकडे ये," काका म्हणाले. बाबा जवळ गेले. काकांनी त्यांच्या टोपीवर हात ठेवला. "मोठा मीच हाये नं?"

"हाव."

"सरकारी कागदावर हाये नं?"

"हाव म्हनलं नं."

"तं मंग माहं ऐका लागन. आधी दादा गेला. आता नंबर माहा. मंग तुहा. माह्या पयले जायाचं नाही. रांग मोडाची नाही, समजलं?"

बाबांनी हयातीत कोणाचं ऐकलेलं मी पाहिलं नव्हतं. ते हात जोडून उभे राहिले, आणि वाद घातला नाही.

"हाव जी," म्हणाले.