न वाजणारा चोक

माझा काका ट्यूबलाईटचे चोक बनवायचा. आधी नुसते दुरुस्त करायचा; मग बनवायला लागला आणि त्यानंतर जगात दुसरं काही बनवण्यासारखं आहे हे त्याला पटेना. गल्लीत सगळे त्याला चोकशेठ म्हणत. शेठपणाची खूण एवढीच, की दुकानात एक खुर्ची होती आणि तिच्यावर तोच बसायचा, गिऱ्हाईक उभं. "चोकशेठ सगळ्यांच्या ट्यूबा पेटवतो, त्याची स्वतःची तेवढी उशिरा पेटते," असं लोक त्याच्या तोंडावर म्हणत. तोही हसायचा.

जुना चोक म्हणजे लोखंडी पट्ट्यांवर गुंडाळलेली तांब्याची तार. जड, तापणारा आणि दिवा चालू असेपर्यंत घुंऽऽ करत राहणारा. काकाला त्या आवाजाचा मनापासून तिटकारा होता. त्याचा इलेक्ट्रॉनिक चोक तळहातावर मावायचा.

"जुन्या चोकवर ट्यूब मिणमिणत असते," तो येईल त्याला समजावायचा. "आपल्याला कळत नाही, पण डोळा शिणतो. माझ्यात दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने उघडमीट करतात, सेकंदाला तीस-चाळीस हजार वेळा. ट्यूबमधल्या वायूला विझायला फुरसतच नाही. आणि आवाज होत असला तरी माणसाच्या कानापलीकडचा."

चोक तयार झाला की तो पेचकसाचं टोक त्याच्या डबीवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. जराशी गुणगुण आली की चोक नापास. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, डबी पुन्हा उघडायची.

त्याच्या घरात मात्र जुनाच चोक होता. काकू बदलू द्यायची नाही. "राहू दे हो, सवय झालीये त्याची," एवढंच म्हणायची. गल्लीला हसायला तेवढं पुरे होतं.

काकूला काचबिंदू होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही. थेंब टाकून उरलेली राखायची. ती उरलेली राहते की जाते, यावर काकाचा जीव टांगलेला होता. पुढच्या तपासणीचं काकू आज-उद्या करत होती, म्हणून काकाने घरीच स्वतःची तपासणी सुरू केली होती. दिवेलागणीला तो बटण दाबायचा. स्टार्टर फडफडायचा. कधी ट्यूब लागायची, कधी नुसती फडफडून राहायची आणि पुन्हा बटण दाबावं लागायचं. ट्यूब लागली की काकू हातातलं काम न थांबवता मान वर करायची आणि म्हणायची, "लागली."

"दिसतंय तिला," काका मला म्हणायचा. "थेंब लागू पडलेत." मी त्यांची पुतणी, वरच्या मजल्यावर राहायचे, संध्याकाळी बहुतेक त्यांच्याकडेच असायचे. काकाला इतकं खूश मी एरवी फारसं बघितलेलं नाही.

त्याच खुशीत त्याने ठरवलं की तिच्या उरलेल्या नजरेला स्थिर उजेड द्यायचा. तिच्यासाठी वेगळा चोक बनवला. चोकमधल्या छोट्या कडीवर गुंडाळलेली तार मनासारखी बसेना म्हणून परत परत उलगडली. पेचकस कानाला लावून इतका वेळ बसला, की मला वाटलं डुलकी लागली. मग एका दुपारी काकू आत झोपली असताना मी स्टूल धरलं, त्याने चोक बदलला आणि जुना भंगाराच्या पोत्यात टाकला.

"तिला सांगू नकोस," तो कुजबुजला. "तिचं तिला बघू दे."

संध्याकाळी त्याने केस विंचरले. उजेड दाखवायला केस कशाला विंचरायचे, पण विंचरले. काकू मांडीवर ताट घेऊन मटार सोलत होती. त्याने बटण दाबलं. फडफड नाही, घुंऽऽ नाही. खोली एकदम पांढरीशुभ्र झाली. फळीवरच्या डब्यांचे पोचे, भिंतीची चीर, सगळं दिसायला लागलं. काकूने मान वर केली आणि तशीच ठेवली. काका तिच्याकडे बघत होता. ती बघत नव्हती. ती ऐकत होती.

"लाईट गेली वाटतं," ती म्हणाली. "मेणबत्ती काढू का?"

थंडीचे दिवस होते, पंखा बंदच होता. लाईट आहे हे तिला दुसरं कशावरून कळणार?

काका बटणाशी उभाच राहिला. मग म्हणाला, "हो, गेली. मेणबत्ती राहू दे, येईल इतक्यात." आणि तो तिच्याशेजारी बसून मटार सोलायला लागला, त्याच लख्ख उजेडात. मला दोघांचा भयंकर राग आला. तिने लपवलं याचा, त्याने ओरडून विचारलं नाही याचा. मी जिन्यात जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी तो तिला हट्टाने डॉक्टरांकडे घेऊन गेला. राखण्यासारखं काही उरलं नव्हतं; नजर जाऊनही बरेच महिने झाले असावेत, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर काकाने भंगाराचं पोतं उपसलं. जुना चोक काढला, पुसला, पट्ट्या आवळणारे स्क्रू थोडे सैल केले आणि जागेवर बसवला. बटण दाबून पेचकस कानाला लावला. "आता वाजतोय," म्हणाला आणि तोंड फिरवून स्टुलावरून उतरला.

संध्याकाळी ट्यूब फडफडली आणि घुंऽऽ सुरू झालं. काकू सवयीने "लागली" म्हणाली आणि ओशाळली. मग म्हणाली, "तुम्ही रोज इतक्या आशेने बटण दाबायचात. नाही म्हणायला जीभ वळली नाही."

काकाने मान हलवली. मग तिला ते दिसणार नाही हे लक्षात येऊन मोठ्याने म्हणाला, "असू दे."

"काल लाईट गेली नव्हती ना?"

"नाही."

"कसा होता हो उजेड?"

"पांढरा होता," तो म्हणाला. "अजिबात हलत नव्हता. तुझे केस किती पिकलेत, ते मला काल दिसलं."

"अगं बाई," काकू म्हणाली आणि हाताने केस सारखे करत राहिली. "मग तो नवा काढलात तेच बरं केलंत."