टिचकी मारून घेतलेली काच

आमचं पितळी समयांचं दुकान. माल नाचियार्कोविल या समयांच्या गावाहून येतो, आणि आला की मी एकेका समईला टिचकी मारून बघतो. खणखणीत वाजली तर ठेवायची. बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे, परत पाठवायची. चाळीस वर्षांत हा कान फसलेला नाही. त्यामुळे नारळ, माठ, कलिंगड, सगळंच मी वाजवून घेतो. घरचे हसतात. हसू देत.

नात आठ वर्षांची. शाळेतून निरोप आला, पोरीला फळा दिसत नाही. डॉक्टरांनी नंबर काढून दिला, आणि सून, नात आणि मी कुंभकोणममधल्या एका चष्म्याच्या दुकानात गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण खरेदी म्हटल्यावर मी नको?

दुकानदार तमिळमध्ये म्हणाला, "मुलांना पॉलिकार्बोनेटच घ्या, न फुटणारं प्लास्टिक. चेंडू लागला तरी तुकडे होऊन डोळ्यात जात नाहीत."

नात कबड्डी खेळते, रोज कुठेतरी आपटून येते. मुद्दा बिनतोड होता. पण मी ते भिंग हातात घेतलं आणि टिचकी मारली. टप्! मग साध्या काचेचं भिंग मागवलं. टण्ण! काय तो नाद!

"ही काच द्या," मी फर्मावलं. "तो बद्द माल नको."

सुनेने लगेच मराठी काढली. आम्ही पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले मराठी; व्यवहार तमिळमध्ये आणि भांडण मराठीत, परक्याला कळू नये म्हणून. "मामंजी, डोळा पोरीचा आहे, समई नव्हे."

माझं टाळकंच सटकलं. बँकेत नोकरी करते म्हणून मला माल पारखायला शिकवणार? दुकानदाराला शब्द कळत नव्हते, पण मजा पुरती कळत होती. मेला गालातल्या गालात हसत होता.

"अहो, काच फुटते कसली!" मी त्याच्यावर तमिळमध्ये गरजलो. "माझाच चष्मा बघा. वीस वर्षं अस्सल काच!" आणि नाकावरचा चष्मा काढून काउंटरवर दाणकन आपटला.

हात दाखवून अवलक्षण! खळ्ळकन आवाज झाला. काउंटरवर हनुवटी टेकून बघणारी नात किंचाळली, "आई गं!"

आणि मला काही दिसेना. समोर तिचा चेहरा होता, पण नुसता धुरकट गोळा. रक्त आलंय का, डोळा उघडा आहे का, काही म्हणजे काही कळेना. "सूनबाई, डोळा बघ! आधी डोळा बघ!" मी कुठल्या भाषेत ओरडलो, देव जाणे.

"भुवईत कण आहे. हलू नकोस, बाळा." सुनेने ओल्या रुमालाच्या टोकाने तो टिपला. "निघाला. डोळ्यात काही नाही, मामंजी."

माझा विश्वास बसेना. मी नातीसमोर बोटं धरली. "किती?"

"तीन."

"आता?"

"दोन. आजोबा, बोटं माझ्या नाकाला लागतायत."

मी स्टुलावर बसलो आणि भर दुकानात मला रडू फुटलं. लाज वाटली, पण थांबेना.

दुकानदार आता हसत नव्हता. त्याने काचा झाडल्या, वही उघडली आणि रीतीप्रमाणे वडीलधाऱ्यालाच विचारलं, "मुलीला कुठलं भिंग लिहू?"

"तिच्या आईला विचारा," मी म्हटलं. "आणि माझ्या चष्म्याचंही तिलाच विचारा."