महोदय, आमचे सॉफ्टवेअर बंद करावे

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. कॉलेजची फी मामांनी भरलेली. त्यामुळे सेलूतल्या त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानासाठी मी बिलाचं सॉफ्टवेअर सुचवलं, तेव्हा त्यांनी एका शब्दावर घेतलं. मी सुचवलेलं चुकेल, असं त्यांना वाटायचंच नाही.

ते सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाचं नाव आणि मोबाइल नंबर घेतल्याशिवाय बिल काढत नसे. एक दिवस मामा वैतागले. "पावभर खिळ्यांसाठी सोयरीक जुळवल्यावानी नाव-गाव इचारून राह्यलो मी. गिऱ्हाईक पळून राह्यले. बंद कर बाप्पा हे!"

तेव्हा मी अटी पहिल्यांदा वाचल्या. वर्ष संपायच्या तीस दिवस आधी रद्द केलं नाही, तर पुढच्या वर्षाचं नूतनीकरण आपोआप होणार आणि पैसे मामांच्या कार्डातून जाणार. त्या मुदतीला बारा दिवस होते. मी निर्धास्त होतो. शाळेत अर्जलेखनात मला पैकीच्या पैकी गुण पडत.

प्रति, विषय, महोदय, सविनय, सगळं जागच्या जागी लिहिलं. मामांची सही घेतली, दुकानाचा गोल शिक्का मारला. शिक्क्याशिवाय कागदाला कोण विचारतो? मग फोटो काढून, कंपनीचा मेल ज्या पत्त्यावरून आला होता तिथेच पाठवला. पत्त्यात 'नो-रिप्लाय' असं होतं. आपण आजवर उत्तर दिलं नाही, याचीच ती नोंद असावी असं मला वाटलं. म्हणून अर्जात एक ओळ वाढवली होती : 'उत्तरास विलंब झाल्याबद्दल क्षमस्व.'

वर्ष संपलं त्या सकाळी मामांच्या मोबाइलवर पैसे कापल्याचा मेसेज आला. पाठोपाठ कंपनीने आभार मानले.

"काऊन गा, अर्ज पोचला नाई का?"

मी कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी अदबीने म्हणाली, "सर, त्या पत्त्यावरचे मेल कोणी वाचत नाही. सेटिंगमध्ये रद्द करायचं बटण आहे. अर्ज लागत नाही." भरलेले पैसे परत मिळणार नव्हते. बटण दाबलं, तर निदान पुढच्या वर्षी कापले जाणार नव्हते. मी तिथल्या तिथे दाबलं.

मामा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फाइलमधून अर्ज काढून पुन्हा वाचला. "लिवला मात्र झकास हाय. आता वर्षभर दर रविवारी येजो, अन् तूच इचारजो लोकायले नंबर."

तेव्हापासून रविवारी मी दुकानात बसतो. मागच्या वेळी एका म्हाताऱ्याला कडी-कोयंड्याच्या बिलासाठी मोबाइल नंबर विचारला. त्याने संशयाने मामांकडे पाहिलं.

"सांग बाप्पा," मामा म्हणाले, "माहा भाचा हाय, शिकलेला."